डंख नसलेल्या मधमाशीचे जनुकीय मार्कर कसे तयार करावेत: विदर्भातल्या गावातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका गावात मी पहिल्यांदा पोळी मोजायला गेलो, तेव्हा एकाच मातीच्या घराच्या तीन भिंतींत मिळून पोळ्यांच्या तोंडाच्या अकरा नळ्या सापडल्या. राळ आणि मेणाच्या, काळपट, बोटाच्या पेराएवढ्या. प्रत्येक नळीच्या तोंडाशी चार-पाच माश्या पहारा देत बसलेल्या. घरातल्या आजी म्हणाल्या, "या माशा डसत नाई जी, पन केसात घुसते." दोन वर्षांनी परत गेलो तेव्हा कवेलूचं ते घर पाडून तिथे सिमेंटचं घर उभं राहिलं होतं. एकही नळी उरली नव्हती.

तेव्हापासून एकच प्रश्न मनात आहे. ती अकरा पोळी म्हणजे अकरा वेगळी घराणी होती, की एकाच आईच्या लेकी आणि नाती? पहिलं खरं असेल तर त्या एका घरासोबत बरंच काही गेलं. दुसरं असेल तर त्याच घराण्याचं पोळं शेजारच्या चिंचेच्या ढोलीत अजून शिल्लक असू शकतं. नुसत्या डोळ्यांनी हे कळत नाही. त्यासाठी जनुकीय मार्कर लागतात, म्हणजे डीएनएतल्या अशा ठरावीक जागा, ज्यांवरून घराणं ओळखता येतं.

हे काम शिकताना माझं एक पूर्ण वर्ष वाया गेलं. दुसऱ्याच अकरा पोळ्यांतून मी ९६ माश्या गोळा केल्या आणि ९६ नमुने हाती आहेत असं समजून बसलो. खरं तर नमुने ११ होते. एका पोळ्यातल्या कामकरी माश्या सख्ख्या बहिणी असतात, त्यांना वेगवेगळं मोजलं की सगळं गणित कोसळतं. पुढच्या प्रत्येक पायरीवर हे आठवा: मोजायचं एकक पोळं आहे, माशी नाही.

१. आधी प्रश्न ठरवा, मार्कर नंतर

"मला डीएनएवर काम करायचंय" हा प्रश्न झाला नाही. कागदावर एका वाक्यात लिहा की तुम्हाला नेमकं काय जाणून घ्यायचं आहे.

जात कोणती, एवढंच हवं असेल तर मायटोकॉन्ड्रियातल्या सीओआय जनुकाचा ६५८ बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) तुकडा वाचा. त्याचे सर्वसामान्य प्राइमर (तुकड्याच्या दोन टोकांना चिकटणारे डीएनएचे छोटे धागे) १९९४ पासून जगभर वापरात आहेत, नवं काही तयार करावं लागत नाही. मात्र मायटोकॉन्ड्रियाचा वारसा फक्त आईकडून येतो. लेकीचं पोळं आणि आईचं पोळं या तुकड्यात हुबेहूब सारखं दिसतं, बाप कुठून आला ते कळत नाही.

पोळ्यांचं आपसातलं नातं, गावागावांतली देवाणघेवाण, जवळच्या नात्यात होणारं मीलन हे पाहायचं असेल तर मायक्रोसॅटेलाइट घ्या. डीएनएत काही ठिकाणी दोन, तीन किंवा चार अक्षरांचा तुकडा ओळीने पुन्हापुन्हा येतो. एका घराण्यात तो अकरा वेळा, दुसऱ्यात चौदा वेळा. हा फरक लांबी मोजून पकडता येतो.

तिसरा मार्ग एसएनपीचा, म्हणजे हजारो ठिकाणची एकेका अक्षराची तफावत. माहिती भरपूर मिळते, पण डीएनए चांगल्या प्रतीचा लागतो, एका खेपेचा खर्च मोठा असतो आणि संगणकावर काम करणारा माणूस सोबत हवा. तुमच्या संस्थेत हे सगळं असेल तर खुशाल तोच मार्ग धरा. तालुक्याच्या कॉलेजात एक पीसीआर यंत्र (डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणारं) आहे आणि दर वर्षी दहा-वीस नवी पोळी यादीत घालायची आहेत, अशा ठिकाणी मायक्रोसॅटेलाइट अजूनही जास्त उपयोगी पडतात असं माझं मत आहे. माशीच्या एका पायातून काम होतं.

नवे मार्कर करायच्या आधी जुने तपासा. ऑस्ट्रेलियातल्या कार्बोनारिया या डंखहीन माशीसाठी २००१ मध्ये मायक्रोसॅटेलाइट प्रसिद्ध झाले. त्या वेळी ती ट्रायगोना वंशात होती, आज टेट्रागोनुला वंशात आहे, म्हणजे आपल्या माशीच्याच वंशात. त्यातल्या प्राइमरच्या पाच-सहा जोड्या मागवून आपल्या माशीवर लावून बघा. दोन-तीन चालल्या तरी पैसे वाचतात. सातेरी किंवा युरोपीय मधमाशीच्या प्राइमरांकडून मात्र फार आशा ठेवू नका. नातं जितकं दूरचं, तितके प्राइमर कमी चिकटतात.

२. माशी समजून घ्या

भारतात सगळ्यात जास्त दिसणाऱ्या डंखहीन माशीला टेट्रागोनुला इरिडिपेनिस म्हणतात. फ्रेडरिक स्मिथ यांनी १८५४ मध्ये सिलोनच्या नमुन्यांवरून तिचं वर्णन केलं. लांबी जेमतेम चार मिलिमीटर. शेतीच्या लेखांत तिला पोयाची माशी किंवा नुसतं ट्रायगोना म्हणतात. गावात जे नाव असेल ते लिहून घ्या आणि तेच बोला.

पण समोर दिसली ती इरिडिपेनिसच, असं गृहीत धरू नका. भारतातल्या टेट्रागोनुला माश्या एकमेकींसारख्या दिसतात. कामकरी माशीवरून जात ठरवणं अवघड जातं, नराच्या जननांगांची रचना पाहावी लागते. म्हणून नर पकडून ठेवा आणि प्रत्येक गावातल्या निदान एका नमुन्याचा सीओआय वाचून घ्या. दोन जाती एकाच यादीत मिसळल्या तर पुढचे सगळे निष्कर्ष चुकतील.

मार्करच्या दृष्टीने चार गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा.

नर बिनफलित अंड्यातून होतो, त्याला बाप नसतो. त्याच्याकडे प्रत्येक गुणसूत्राची एकच प्रत असते.

राणी आणि कामकरी फलित अंड्यातून होतात, त्यांच्याकडे दोन प्रती.

डंखहीन माश्यांच्या बहुतेक जातींत राणी एकाच नराशी मीलन करते. त्यामुळे एका पोळ्यातल्या सगळ्या कामकरी एका आईच्या आणि एका बापाच्या लेकी.

नवं पोळं एकदम तुटून दूर जात नाही. कामकरी आधी जवळपास जागा शोधतात, आईच्या पोळ्यातून मेण, राळ, मध वाहून नेतात, मग तरुण राणी तिथे जाते. हे दळणवळण बराच काळ चालू राहतं. म्हणून एका भिंतीतली पोळी नात्यातली असण्याची शक्यता मोठी.

३. परवानग्या आणि कागद

हे काम नमुने गोळा करण्याआधी करा. नंतर प्रबंध किंवा शोधलेख देताना कागद मागितला जातो आणि मागची तारीख टाकून काही मिळत नाही.

- तुमच्या संस्थेचं पत्र, त्यात प्रकल्पाचं नाव आणि मार्गदर्शकाची सही.
- गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला मराठीत एक पानाचा अर्ज. जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत ही समिती असायला हवी. राज्याचं जैवविविधता मंडळ नागपुरातच आहे, अडलं तर तिथे जाऊन विचारता येतं.
- गडचिरोली, मेळघाट किंवा इतर कुठे सामूहिक वनहक्क मिळालेलं गाव असेल तर ग्रामसभेचा ठराव. मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये हा हक्क मिळाला, त्यानंतर विदर्भातल्या पुष्कळ गावांना मिळाला. तिथल्या जंगलातला मध हे गावाचं वनोपज आहे.
- वनविभागाची लेखी परवानगी. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान असेल तर ती मुख्य वन्यजीव रक्षकांकडून घ्यावी लागते, वेळ लागतो. पहिल्या वर्षी ताडोबा, मेळघाट, पेंचच्या आत जाऊच नका. गावं, वावरं आणि धुऱ्यावरची झाडं एवढ्यात भरपूर काम आहे.
- शुद्ध इथेनॉलसाठी राज्य उत्पादन शुल्क खात्याचा परवाना. बहुतेक कॉलेजांच्या रसायनशास्त्र विभागाकडे तो असतो, त्यातून घ्या.

भारतीय नागरिकाला भारतातल्या संस्थेत निव्वळ अभ्यासासाठी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागत नाही. नमुना किंवा डीएनए परदेशातल्या प्रयोगशाळेकडे पाठवायचा झाला की ती लागते. स्वस्त पडतंय म्हणून परदेशी लॅबला पाकीट पाठवू नका. अनुक्रम वाचून देणाऱ्या कंपन्या भारतात आहेत.

ग्रामसभेत अर्ज वाचताना थेट आकडे सांगा: प्रत्येक पोळ्यातून दहा माश्या घेणार, पोळं फोडणार नाही, मध काढणार नाही. "तुमी औषध बनवून विकनार का जी?" हा प्रश्न मला तीन गावांत विचारला गेला. तो रास्त आहे. नाही म्हणत असाल तर ते लिहून द्या.

४. नमुने गोळा करणे

सोबत न्यायचं सामान:

- दीड मिलिलिटरच्या झाकणाच्या नळ्या, प्रत्येक पोळ्यासाठी दोन
- शुद्ध इथेनॉल, ९५ टक्क्यांच्या वर
- पेन्सिल आणि जाड कागदाच्या बारीक चिठ्ठ्या
- रुंद तोंडाच्या पारदर्शक काचेच्या बाटल्या, पाच-सहा
- बारीक चिमटा, रंगकामाचा ब्रश
- थर्मास किंवा बर्फाचा डबा
- जीपीएस असलेला मोबाइल, वही
- डोक्याला बांधायला दुपट्टा

वेळ सकाळची. उन्हाळ्यात साडेसहा ते नऊ. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, दुपारी माश्याही आत आणि माणसंही आत. माझी पसंती डिसेंबर ते मार्च. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो, मागून मोह येतो, माश्यांची ये-जा भरपूर असते.

गावात शिरल्यावर आधी पकडू नका, आधी मोजा. पहिला दिवस फक्त फिरायचं: मातीच्या भिंती, जुने वाडे, कोठा, देवळाचा चौथरा, विजेच्या मीटरची पेटी, विहिरीच्या दगडांमधल्या फटी, चिंच, मोह, आंब्याच्या ढोल्या. घरातल्या बायकांना आणि गुराख्यांना विचारा. मी तीन तासांत जेवढी पोळी शोधली, त्याच्या दुप्पट गुरं चारणाऱ्या एका मुलाने अर्ध्या तासात दाखवली होती. प्रत्येक पोळ्याला क्रमांक द्या, जागा नोंदवा, नळीचा फोटो घ्या, बाजूला पट्टी धरून.

मग दुसऱ्या दिवशी पकडा. बाटलीचं तोंड नळीवर हलकेच टेकवा आणि भिंतीवर बोटाने टकटक करा. पहारेकरी बाहेर येतात. दहा माश्या पुरतात. बाटली थोडा वेळ बर्फावर ठेवली की त्या मंदावतात, मग ब्रशने उचलून इथेनॉलमध्ये टाका. एका नळीत एकाच पोळ्याच्या माश्या. पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी नळीच्या आत. बाहेर मार्कर पेनाने लिहिलेलं इथेनॉलच्या एका थेंबाने पुसलं जातं. माझ्या पहिल्या फेरीतले सात नमुने असेच निनावी झाले.

दुसऱ्या दिवशी इथेनॉल ओतून नवं भरा. माशीच्या अंगातलं पाणी मिसळून ते पातळ झालेलं असतं आणि उकाड्यात पातळ इथेनॉलमधला डीएनए टिकत नाही. ही एक सवय लावली तर निम्म्या अडचणी संपतात. रंग घातलेलं स्पिरिट वापरू नका. त्यात मिथेनॉल आणि इतर पदार्थ असतात, डीएनए खराब होतो.

नर मिळाले तर सोडू नका. एखाद्या पोळ्यात नवी राणी तयार असली की आसपासच्या पोळ्यांतले नर बाहेर फांदीवर, तारेवर गर्दी करून बसतात. कामकरीसारखी ये-जा करत नाहीत, पायावर परागाचा गोळा नसतो. वीस-पंचवीस नर घ्या, वेगळ्या नळीत. आठव्या पायरीला ते सोन्यासारखे उपयोगी पडतात.

भिंत पाडली जाणार आहे असं कळलं तर घरमालकाला विनंती करून त्या दिवशी हजर राहा. उघड्या पडलेल्या पोळ्यातून काही कोषही घ्या. अळी कोषात जाताना पोट रिकामं करते, त्यामुळे कोषात परागांचा डीएनए नसतो. मार्कर शोधण्यासाठी यापेक्षा चांगला नमुना मला माहीत नाही. चांगलं पोळं मात्र कोषांसाठी फोडू नका.

एसटीत किंवा कुरिअरने इथेनॉल न्यायला मनाई असते आणि ती योग्य आहे. निघण्याआधी नळीतलं इथेनॉल ओतून टाका, माश्या ओल्या राहतील एवढे दोन थेंब ठेवा, झाकणाला चिकटपट्टी लावा. प्रयोगशाळेत पोहोचल्या पोहोचल्या पुन्हा भरा.

आणखी एक गोष्ट विचारायची राहू देऊ नका: पेटीतलं पोळं असेल तर पेटी कुठून आली? केरळात ही माशी घरोघरी पेट्यांत पाळतात. संत्र्याच्या बागेसाठी कुणी तिकडून पेटी आणली असेल, तर तुमच्या नकाशात ती विदर्भाची म्हणून नोंदली जाईल आणि तिचे नर आसपासच्या पोळ्यांत मिसळत असतील तेही तुम्हाला कळणार नाही.

५. डीएनए काढणे

दोन वेगळ्या कामांसाठी दोन वेगळ्या पद्धती.

रोजच्या तपासणीसाठी माशीचे एक-दोन पाय किंवा छाती पुरते. चेलेक्स नावाच्या राळेच्या पाच टक्के द्रावणात प्रोटीनेज के (प्रथिनं तोडणारं विकर) घालून ५६ अंशांवर रात्रभर, मग ९५ अंशांवर दहा-पंधरा मिनिटं. स्वस्त आणि सोपं. हा डीएनए वर्षानुवर्षं टिकत नाही, म्हणून माशीचा उरलेला भाग इथेनॉलमध्ये जपून ठेवा. आधी माशी कागदावर ठेवून इथेनॉल पूर्ण उडू द्या, नाहीतर पीसीआर चालत नाही.

अनुक्रम वाचायला पाठवण्यासाठी कॉलम किट किंवा फिनॉल-क्लोरोफॉर्मने काढलेला स्वच्छ डीएनए हवा. त्यासाठी एका पोळ्यातले नर-कोष एकत्र घ्या. पोट कधीच घेऊ नका, त्यात पराग आणि जिवाणू असतात. पैसे मोजून तुम्ही पळसाचा आणि जिवाणूंचा डीएनए वाचून घ्याल.

६. मार्कर शोधणे

पूर्वी यासाठी जिवाणूंत डीएनएचे तुकडे घालून महिनोन्महिने शोध घ्यावा लागे. आता कंपनीकडून डीएनए कमी खोलीने, म्हणजे प्रत्येक जागा थोड्याच वेळा, वाचून घेतात. १५० बेसच्या जोडवाचनाने (तुकड्याच्या दोन्ही टोकांकडून) एक-दोन गिगाबेस, म्हणजे एक-दोन अब्ज अक्षरं, एवढी माहिती पुरते. मागवण्यापूर्वी एनसीबीआय या अमेरिकी संस्थेच्या सार्वजनिक साठ्यात आपल्या वंशातल्या माशीचा जीनोम (संपूर्ण डीएनए) आहे का ते बघा.

मिळालेली वाचनं जोडून घ्या, मग मिसासारख्या मोफत प्रोग्रॅमने पुनरावृत्ती शोधा. हजारो सापडतील. गाळणी अशी लावा:

दोन अक्षरांचा तुकडा निदान आठ-दहा वेळा, तीन किंवा चार अक्षरांचा निदान सहा-सात वेळा आलेला असावा. दोन अक्षरांचे मार्कर जास्त वैविध्य दाखवतात, पण वाचताना यंत्राच्या आलेखावर मुख्य शिखराच्या मागे छोटी छोटी खोटी शिखरं उमटतात. तीन-चार अक्षरांचे वाचायला स्वच्छ. दोन्ही मिसळून घ्या. मध्येच तुटलेली पुनरावृत्ती टाळा. फक्त ए आणि टीचा तुकडा असेल तर सोडून द्या. माश्यांचा जीनोम आधीच या दोन अक्षरांनी भरलेला असतो आणि तिथे प्राइमर कुठेही चिकटतो.

मग प्रायमर३ या प्रोग्रॅममध्ये प्राइमरच्या जोड्या तयार करा. वितळण्याचं तापमान ५७ ते ६२ अंश, दोघांत दोन अंशांपेक्षा जास्त फरक नको, तुकड्याची लांबी १०० ते ३५० बेस. लांब्या वेगवेगळ्या गटांत पसरवा, पुढे तीन-चार मार्कर एकाच नळीत चालवायचे आहेत. प्रत्येक प्राइमर तुमच्याच जोडलेल्या अनुक्रमांत शोधून बघा. दोन ठिकाणी सापडला तर बाद.

मी ४८ जोड्या मागवल्या, हाती बारा उरल्या. गळती होते हे धरूनच पैशांचा हिशेब करा.

७. प्राइमर तपासणे

प्राइमर कोरड्या भुकटीच्या रूपात येतात. झाकण उघडण्याआधी नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा, नाहीतर भुकटी उडून जाते. विरघळवून लगेच छोट्या हिश्शांत विभागून ठेवा.

पहिली तपासणी साध्या जेलवर, जिथे विजेने डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे होऊन पट्टे दिसतात. वेगवेगळ्या गावांतल्या आठ पोळ्यांची एकेक कामकरी, ५० ते ६० अंशांचा ग्रेडियंट (एकाच खेपेत चढती तापमानं). डीएनएऐवजी नुसतं पाणी घातलेली एक नळी प्रत्येक वेळी ठेवा. त्यात पट्टा दिसला तर त्या दिवसाचं सगळं फेका. पीसीआर यंत्राला यूपीएस हवाच. दोन-अडीच तासांच्या कामात वीज गेली की रसायन आणि वेळ दोन्ही जातं.

स्वच्छ एक-दोन पट्टे देणाऱ्या जोड्या पुढे घ्या. आता लांबी नेमकी मोजण्यासाठी रंगीत प्राइमर लागतो आणि तो महाग असतो. प्रत्येक जोडीसाठी वेगळा रंगीत प्राइमर घेऊ नका. २००० साली मांडली गेलेली एम१३ शेपटीची युक्ती वापरा: पुढच्या प्राइमरला १८ अक्षरांची साधी शेपटी जोडून मागवायची आणि रंग फक्त त्या शेपटीच्या सामाईक प्राइमरला लावायचा. एक रंगीत प्राइमर सगळ्यांना पुरतो. शेपटीवाला प्राइमर सामाईकच्या चौथ्या हिश्शाएवढा घाला, शेवटची आठ आवर्तनं ५३ अंशांवर. नंतर निवडक मार्करांना थेट रंग लावाल तेव्हा लांबी १८ बेसनी कमी येईल. मार्करच्या प्रत्येक वेगळ्या लांबीच्या रूपाला अ‍ॅलील म्हणतात. जुन्या आणि नव्या नोंदी तशाच एकत्र केल्या तर एकाच अ‍ॅलीलची दोन अ‍ॅलीलं होतात.

लांबी अक्षरागणिक मोजणारं केपिलरी यंत्र जवळ नसेल तर प्लेट बाहेर पाठवून वाचून घ्या. शिखरं स्वतः वाचा. दोघांनी एकमेकांचं न बघता वाचावं आणि दहापैकी एक नमुना पुन्हा चालवावा.

८. तीन अ‍ॅलीलांची कसोटी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. डंखहीन माशीने आपल्याला अशी एक सोय दिली आहे, जी वाघ किंवा सागाच्या अभ्यासकाला नाही.

पाच पोळी निवडा, प्रत्येकातल्या आठ कामकरी सगळ्या मार्करवर चालवा. समजा राणीची अ‍ॅलीलं १५० आणि १५४ बेसची, बापाचं १६०. मग प्रत्येक लेक एकतर १५०-१६० किंवा १५४-१६०. पोळ्यात तीनपेक्षा जास्त अ‍ॅलीलं येऊ शकत नाहीत आणि बापाचं अ‍ॅलील प्रत्येकीत असलंच पाहिजे. आठ लेकी पाहिल्या तर राणीचं एखादं अ‍ॅलील नजरेतून सुटण्याची शक्यता १२८ मध्ये १.

चौथं अ‍ॅलील दिसलं तर? एकाच मार्करवर दिसत असेल तर बहुधा तुमची वाचनातली चूक. एकाच माशीत सगळ्याच मार्करवर वेगळं दिसत असेल तर ती शेजारच्या पोळ्यातून भटकलेली. निम्म्या माश्या एका आईच्या आणि निम्म्या दुसरीच्या दिसल्या तर नुकतीच राणी बदलली असेल, जुन्या राणीच्या लेकी अजून जिवंत आहेत.

आता खरी खुबी. काही माश्यांत प्राइमरच्या जागीच अक्षर बदललेलं असतं, तिथे प्राइमर चिकटत नाही आणि अ‍ॅलील दिसतच नाही. याला मूक अ‍ॅलील म्हणतात. इतर प्राण्यांत ते आकडेमोडीच्या अंदाजाने पकडावं लागतं. इथे थेट दिसतं. एका पोळ्यात काही लेकी नुसत्या १५० आणि काही नुसत्या १५४ दिसल्या, एकही अ‍ॅलील सगळ्यांत सामाईक नाही, तर बापाचं अ‍ॅलील मूक आहे. एका बापाच्या लेकींत दुसऱ्या कशाने असं होऊ शकत नाही.

मग नर काढा. नराकडे एकच प्रत, म्हणून प्रत्येक मार्करवर एकच शिखर यायला हवं. इतर मार्कर चालतात पण एका मार्करवर नर वारंवार कोरा येतो, तर तिथेही मूक अ‍ॅलील. एकाच मार्करवर बहुतेक नर दोन शिखरं देतात, तर तो तुकडा जीनोममध्ये दोन ठिकाणी आहे, मार्कर बाद करा. आणि एखादाच नर अनेक मार्करवर दोन शिखरं देत असेल, तर त्याला बाद करू नका. आईबापांचं लिंग ठरवणारं जनुक सारखं निघालं की फलित अंड्यातूनही नर होतो, त्याच्याकडे दोन प्रती असतात. असे नर पोळ्यावर भार असतात. ते वाढत असतील तर पोळी कमी उरली आहेत आणि जवळच्या नात्यात मीलन होत आहे असा संशय घ्यायला जागा आहे. नोंद ठळक करा.

या कसोटीतून उतरलेले मार्कर घेऊन २५ ते ३० पोळ्यांची एकेक कामकरी चालवा. हार्डी-वाइनबर्ग समतोल (मुक्त मीलनात अपेक्षित त्या प्रमाणात जोड्या दिसतात का) आणि मार्करांची आपसातली जोडणी (दोन मार्कर कायम सोबतच येतात का) जेनपॉप प्रोग्रॅममध्ये तपासा. ही पोळी एकाच परिसरातली पण एकाच भिंतीतली नसावीत. चार दूरच्या तालुक्यांतली पोळी एकत्र घातली तर चांगला मार्करही नापास झाल्यासारखा दिसतो.

९. निष्कर्ष काढताना

लोकसंख्येच्या प्रत्येक गणितात पोळ्यामागे एकच माशी घाला. उरलेल्या बहिणी नातं तपासण्यासाठी. बहिणींसकट सगळ्या स्ट्रक्चर प्रोग्रॅममध्ये टाकल्या तर तो प्रत्येक पोळ्याला वेगळी लोकसंख्या म्हणून दाखवतो आणि चित्र फार सुंदर दिसतं. माझं पहिलं चित्र तसंच सुंदर होतं आणि पूर्ण चुकीचं होतं.

ही माशी काही शे मीटरच्या पलीकडे सहसा जात नाही. त्यामुळे गावागावांत फरक दिसला तर लगेच "वेगळी जात" किंवा "तुटलेली लोकसंख्या" लिहू नका. आधी अंतराबरोबर फरक किती वाढतो ते काढा.

प्राइमरांचे अनुक्रम सार्वजनिक साठ्यात ठेवा. पिना टोचलेले आणि इथेनॉलमधले नमुने भारतीय प्राणी सर्वेक्षणाकडे द्या, पुण्यात त्यांचं केंद्र आहे. पोळ्यांची नेमकी जागा मात्र छापू नका, तालुक्यापर्यंत सांगा. मधासाठी ढोल्या फोडणारेही नकाशे वाचतात.

१०. गावात परत जा

निकाल आल्यावर दोन पानं मराठीत लिहून ग्रामपंचायतीत द्या आणि लोकजैवविविधता नोंदवहीत पोळ्यांची यादी चढवा. इंग्रजी शोधलेखाची प्रत देऊन भागत नाही.

सोबत एक लाकडी पेटीही न्या, साधारण दोन लिटर पाणी मावेल एवढी, बोट जाईल एवढं भोक पाडलेली. घर पाडायचं ठरलं असेल तर आदल्या दिवशी सायंकाळी, माश्या परतल्यावर, भिंतीचा तो भाग सावकाश उघडा. कोषांचा घोस आणि राणी अलगद पेटीत ठेवा, फुटलेली मधाची मडकी ठेवू नका, त्यात माश्या बुडतात आणि मुंग्या येतात. जुनी नळी कापून भोकाच्या तोंडाशी चिकटवा. पेटी जुन्या भोकाच्या शक्य तितक्या जवळ टांगा, मुंग्या चढू नयेत म्हणून टांगायच्या तारेला तेल लावून.

त्या पाडलेल्या घराच्या शेजारच्या गल्लीत आम्ही गेल्या वर्षी असं एक पोळं हलवलं. यादीत त्याचा क्रमांक १४. चिंचेच्या ढोलीतल्या ९ क्रमांकाच्या पोळ्याशी त्याचं आईकडून नातं आहे, बारापैकी बाराही मार्कर तेच सांगतात. घरच्या काकूंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "म्हणजे ते मोठं पोळं हिचं माहेर होय का जी?" पेटी आता त्यांच्या नव्या घराच्या पडवीत, मीटरच्या खाली टांगलेली आहे. नळी पुन्हा बोटाच्या पेराएवढी झाली आहे.